प्रमाणासाठी

दुपारी दोनला सस्कॅचेवानमधला खडीचा रस्ता
कुणाशीच बोलत नाही.
दोन्ही अंगांना कनोला, पिवळाधमक, डोळ्यांत खुपेल इतका.
मागे मैलभर धुळीचं शेपूट
आणि शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला थर्मास.

लायल होता तेव्हा थर्मास त्याच्या मांडीवर असायचा.

एकोणतीस उन्हाळे आम्ही हेच केलं.
बाकीचे समुद्र बघायला गेले,
आम्ही सिमेंटचा सलगम बघायला.
तळ्याकाठचा पत्र्याचा डास, त्याच्या सोंडेवरचे
नाताळचे दिवे जुलैतही कुणी उतरवत नाही.
एका दंतवैद्यानं गावाला भेट दिलेली दाढ,
तिच्यात चिमण्या राहतात,
आणि कीड लागली, कीड लागली म्हणून
अख्खा गाव अजून हसतो.

मी कॅमेरा तिकाटण्यावर चढवायची,
लायल जाऊन उभा राहायचा.
‘हसू नकोस, तू फूटपट्टी आहेस.’
की तो खिशात हात घालून, टोपी भुवयांवर ओढून
फूटपट्टी व्हायचा.
बुटांसकट पाच फूट नऊ.
डासाच्या गुडघ्याशी. दाढेच्या मुळाशी.
सलगमच्या तर देठालाही पुरला नाही.

धान्याच्या कोठारावर आयुष्यभर वजनं केलेला माणूस,
मापातली खोट त्याला खपायची नाही.
फोटो झाला की फीत काढायचा,
दुसरं टोक माझ्या हातात.
‘अठरा फूट चार इंच. आणि पाटीवर वीस लिहितात लेकाचे!’
वहीत नोंद. तारीख. लाल शाईनं फरक.
परतताना तीस मैल त्यावरच बोलणं.

तो मार्चमध्ये गेला. जमीन गोठलेली होती,
खड्डा खणायला यंत्र मागवावं लागलं.

आज वेल्मर.
ओरेस्ट ह्नाट्युकनं मोडक्या कापणीयंत्रांतून जोडलेला टोळ,
मिशांना साखळ्या, डोळ्यांना ट्रॅक्टरचे दिवे.
मी खाली बसले, वाकले, रस्त्यावर आडवीसुद्धा झाले.
काढलेला फोटो पाहिला,
तर टोळ टोळाएवढा.
तळहातावर घ्यावा आणि उडवून द्यावा.
या आभाळाखाली काहीच मोठं दिसत नाही
शेजारी कुणी उभं राहिल्याशिवाय.

ओरेस्ट शेडमधून हात पुसत आला.
‘मी नाही उभा राहणार. लोकांना वाटेल विकायला काढलाय.’
त्यानं नातीला हाक मारली.
कॅसिडी, नऊ वर्षांची, ओठांवर जांभळ्या सरबताची मिशी.
‘मी काय करायचं?’
हसू नकोस, हे माझ्या जिभेपर्यंत आलं
आणि तिथंच बसून राहिलं.
‘तुला हवं ते कर.’
तिनं टोळाच्या मागच्या पायाला मिठी मारली
आणि जीभ काढली. जांभळी.

मग मी गाडीच्या कप्प्यातून फीत आणली.
कप्प्यात त्याच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास अजून आहे.
ओरेस्ट शिडीवर चढला. खालचं टोक
मी बुटाखाली धरलं, एकटीनं धरतात तसं.
पाटीवर सोळा फूट.
फितीवर सोळा फूट पाच इंच.

‘असेल,’ ओरेस्ट म्हणाला, ‘मिशा नंतर लावल्या.
पाटी कोण रंगवत बसतंय?’

एकोणतीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच
कमी सांगितलं होतं.

वहीत लिहिलं. वेल्मर. टोळ. तारीख.
लाल पेन उघडलं
आणि कळेना, हा फरक कुठल्या रकान्यात मांडायचा.
जास्तीसाठी त्यानं रकानाच आखला नव्हता.

मला ठाऊक आहे, तो शिडीवर स्वतः चढला असता,
पुन्हा मोजलं असतं, तिसऱ्यांदाही,
आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नसता.

कॅसिडी खिडकीशी आली. फोटोत मी केवढी दिसते?

मी कॅमेरा तिच्याकडे वळवला.
तिनं बराच वेळ पाहिलं.
‘टोळ केवढा मोठाय,’ ती म्हणाली.